मराठी शाळेत एक तास डॅली मेसेंजरसाठी

सिडनीतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस आणि शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या शिक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या कसोटीला आपल्यातले कितीतरी जण सिडनी क्रिकेट ग्राउंडवर जातात. सचिनने २००४ साली जिथे नाबाद २४१ धावा केल्या, ते मैदान आपल्याला परकं वाटतच नाही. त्या मैदानाच्या उत्तरेला तीन स्टँड एकमेकांना लागून उभे आहेत. एक डॉन ब्रॅडमनच्या नावाचा, एक मॉन्टी नोबलच्या आणि एक डॅली मेसेंजरच्या. पहिले दोघे क्रिकेटवाले. मेसेंजर मात्र रग्बी लीगचा खेळाडू होता. (रग्बीचे इथे दोन प्रकार आहेत: पंधरा जणांची युनियन आणि तिच्यातून फुटून निघालेली तेरा जणांची लीग.) आपल्या मुलांना ब्रॅडमनची सरासरी तोंडपाठ असते, पण मेसेंजर कोण हे विचारलं तर एकालाही सांगता येत नाही. मोठ्यांनाही नाही.

हे पत्र त्यासाठीच आहे. माझ्या मागण्या दोन. मराठी शाळेच्या वर्षाच्या आखणीत एक तास या माणसाच्या गोष्टीसाठी ठेवा. आणि मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत सहकुटुंब एक रग्बी लीगचा सामना ठेवा.

यामागचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. आपल्या मेळाव्यांमध्ये, सहलींमध्ये मी एक वाक्य बरेचदा ऐकते: "रग्बी युनियन ठीक आहे, चांगल्या शाळांमध्ये खेळतात. लीग नको, तो मारामारीचा खेळ, तसल्या लोकांचा." बोलणारे मनाने वाईट नसतात. मुलाला खासगी शाळेत घालण्यासाठी पोटाला चिमटा काढून पैसे साठवणारी माणसं आहेत ती. पण 'तसल्या लोकांचा' हा शेरा या शहरात एकशे वीस वर्षांपूर्वीपासून मारला जातोय. तेव्हा तो ज्यांच्यावर मारला गेला ते न्हावी होते, गोदी कामगार होते, होड्या बांधणारे होते. डॅली मेसेंजर त्यांच्यातलाच.

त्याचं पूर्ण नाव हर्बर्ट हेन्री मेसेंजर. जन्म १२ एप्रिल १८८३, सिडनीच्या बाल्मेनमध्ये. वडील चार्ल्स मेसेंजर इंग्लंडहून आलेले, होड्या बांधणारे आणि स्वतः नामांकित वल्हेपटू. पुढे त्यांची होड्यांची शेड डबल बेला होती. आज डबल बेमध्ये घर घेणं आपल्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नाही, पण तेव्हा तिथे खाडीकाठी लाकूड तासण्याचे आवाज असत. लहानपणी पोरगा गुटगुटीत, पोट सुटलेलं. त्यावरून विल्यम बीड डॅली या तेव्हाच्या प्रसिद्ध पुढाऱ्याचं आडनाव त्याला चिकटलं आणि ते आयुष्यभर राहिलं. शाळा डबल बेची सरकारी. शाळा सुटल्यावर बापाच्या शेडमध्ये काम. त्याच्या मनगटात आणि खांद्यात जी ताकद होती ती व्यायामशाळेतली नव्हती, वल्ह्यांची आणि रंध्याची होती.

उंची बेताची, साडेपाच फुटांच्या जरा वर. अंगाने मात्र भरीव. गल्लीतल्या संघातून तो ईस्टर्न सबर्ब्जच्या रग्बी युनियन संघात आला आणि एक-दोन हंगामांतच न्यू साउथ वेल्सकडून आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळू लागला. चेंडू घेऊन धावणाऱ्या मागच्या फळीत, मध्यावर, म्हणजे सेंटरला, त्याची जागा. चेंडू हातात आला की समोरच्याला तो कुठून जाईल याचा थांग लागत नसे, आणि लाथेने गोल मारायची वेळ आली की लांबून आणि कोनातूनसुद्धा चेंडू दोन खांबांच्या मधून जाई. लोक त्याला 'मास्टर' म्हणायचे. निव्वळ त्याला बघायला माणसं तिकीट काढून येत.

आणि त्या तिकिटाच्या पैशांतला एक पेनीही त्याला मिळत नसे.

इथे जरा थांबते, कारण सगळी गोष्ट या मुद्द्यावर उभी आहे. रग्बी युनियन तेव्हा कडक हौशी खेळ होता. खेळण्याचा मोबदला घेणं हा गुन्हा. नियम वरवर उदात्त दिसतो: खेळ खेळासाठी खेळावा. पण हा नियम कोणाला परवडत होता? ज्याच्या घरी जमीन होती, वकिली होती, बँकेत पैसा होता त्याला. रोजंदारीवर जगणाऱ्याने शनिवारी दुपारी सुट्टी घेतली तर त्याची मजुरी बुडत असे. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांच्या आणि कोळसाखाणींच्या गावांत, हा प्रश्न आधीच पेटला होता. तिथल्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला परवानगी हवी. लंडनच्या धुरिणांनी ती १८९३ साली नाकारली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात ते क्लब जमले, युनियनमधून बाहेर पडले आणि नॉर्दर्न युनियन स्थापन झाली. रोजाची भरपाई त्यांनी दिवसाला सहा शिलिंग अशी ठरवली. पुढे त्यांनी खेळही बदलला. खेळाडू पंधराचे तेरा केले, पकडलेल्या गड्याने उठून पायाने चेंडू मागे देऊन खेळ चालू ठेवायचा असा नियम केला. आजची रग्बी लीग ती हीच.

सिडनीत हीच आग १९०७ साली लागली, आणि ठिणगी पडली ॲलेक्स बर्डन नावाच्या न्हाव्यामुळे. बर्डन ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला तगडा फॉरवर्ड. त्या हंगामात खेळताना त्याचा हात जायबंदी झाला. न्हाव्याचा हात गेला म्हणजे दुकान बंद, म्हणजे घरात चूल पेटण्याची पंचाईत. युनियनने त्याला भरपाई दिली नाही. आता त्याच वर्षाच्या जुलै महिन्यातला दुसरा आकडा बघा: न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंड यांच्या सामन्याला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर पन्नास हजारांहून जास्त माणसं आली होती. तिकिटांचा पैसा युनियनच्या तिजोरीत गेला. ज्यांच्या अंगावर खेळ उभा होता त्यांना इस्पितळाचं बिलसुद्धा स्वतः भरायला सांगितलं जात होतं. मला या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की आजही राग येतो.

या कथेत क्रिकेटचं एक मोठं नाव आहे, म्हणून ती आपल्या मुलांना लगेच जवळची वाटेल. व्हिक्टर ट्रंपर! कसोटीच्या पहिल्या दिवशी उपाहारापूर्वी शतक ठोकणारा पहिला फलंदाज, १९०२, ओल्ड ट्रॅफर्ड. त्याच ट्रंपरचं सिडनीच्या मार्केट स्ट्रीटवर खेळाच्या सामानाचं दुकान होतं. असंतुष्ट रग्बी खेळाडू तिथे जमू लागले. जे. जे. गिल्टिनन नावाचा धडपड्या व्यापारी आणि हेन्री हॉइल हा कामगारांच्या बाजूचा राजकारणी त्यांच्या सोबतीला. दुकानाच्या मागच्या बाजूला होणाऱ्या या गप्पांमधून ८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात सभा झाली आणि न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग जन्माला आली. ट्रंपर तिचा खजिनदार. इतक्या मोठ्या क्रिकेटपटूने दुसऱ्या खेळातल्या मजुरांसाठी नाव पणाला लावलं. सिडनी ग्राउंडवर ट्रंपरच्या नावाचाही स्टँड आहे, पूर्वी प्रेक्षक जिथे बसत त्या टेकडीच्या जागी. म्हणजे या बंडातली दोन माणसं आज त्याच मैदानावर एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत.

पण लीग कागदावर काढणं वेगळं आणि लोक मैदानावर आणणं वेगळं. युनियनची दहशत होती: लीगकडे गेलात तर जन्मभर बंदी. आणि पहिलाच सामना तोंडावर आला होता. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या टपाल खात्यातला अल्बर्ट बास्करव्हिल नावाचा तरुण कारकून एक व्यावसायिक संघ जमवून इंग्लंडला निघाला होता. १९०५ च्या मोठ्या दौऱ्यावर न्यूझीलंडच्या खेळाडूंना रोजचे तीन शिलिंग मिळाले होते आणि उरलेला गल्ला संघटनेचा, हे त्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. बास्करव्हिलच्या संघात प्रत्येकाने स्वतःचे ५० पौंड घातले आणि नफा वाटून घ्यायचं ठरवलं. न्यूझीलंडच्या संघाच्या 'ऑल ब्लॅक्स' या नावाच्या चालीवर सिडनीच्या वर्तमानपत्रांनी त्यांची 'ऑल गोल्ड्स', म्हणजे सगळे सोन्यासाठी, अशी टिंगल केली. वाटेत सिडनीत ते तीन सामने खेळणार होते. समोर न्यू साउथ वेल्सचा संघ उभा करायचा तर मेसेंजर हवाच होता. मेसेंजर आला तर गर्दी येणार, गर्दी आली तर लीग जगणार. सगळ्यांना हे कळत होतं, मेसेंजरलासुद्धा.

गिल्टिनन त्याला भेटला तेव्हा चोवीस वर्षांच्या या गड्याने सांगितलं की आई हो म्हणाली तर येतो. मग ही मंडळी डबल बेला त्याच्या आईकडे गेली. ॲनी मेसेंजर यांनी बोलणं ऐकून घेतलं आणि होकार दिला. त्या बैठकीचं चित्र मी नेहमी डोळ्यांपुढे आणते. मुलगा देशाचा हिरो आहे, पण रोज संध्याकाळी घरी येतो तो लाकडाच्या भुश्याने भरलेला. समोर दोन वाटा: एकीकडे मान, दुसरीकडे पैसा आणि बदनामी. आपल्यातल्या कितीतरी आयांना असाच कौल द्यावा लागला असेल. शिक्षकहो, मुलांना गोष्ट सांगताना हा प्रसंग गाळू नका.

१७ ऑगस्ट १९०७. शेजारच्या सिडनी क्रिकेट ग्राउंडचं दार बंडखोरांना बंद होतं, म्हणून सामना झाला शेती प्रदर्शनाच्या मैदानावर. सुमारे वीस हजार माणसं आली. नॉर्दर्न युनियनच्या नियमांची पुस्तकं अजून हाती आली नव्हती, त्यामुळे गंमत अशी की लीगचा हा पहिला सामना युनियनच्याच नियमांनी खेळला गेला. न्यूझीलंड १२-८ ने जिंकलं. तिन्ही सामने त्यांनीच जिंकले. पण लोक आले होते, आणि तिकिटं काढून आले होते. लढाई तिथेच अर्धी जिंकली गेली.

मग शिक्षा. न्यू साउथ वेल्स रग्बी युनियनने मेसेंजरला कायमचं बाहेर काढलं. त्यावर थांबले नाहीत. त्याचे सामने, त्याचे गुण, त्याचं नाव आपल्या दप्तरातून पुसून टाकलं. ज्याला पाहायला काल लोक रांगा लावत होते तो जणू कधी खेळलाच नव्हता. माणसाला संघातून काढणं समजू शकते, पण त्याने घामाने मिळवलेले गुण वहीतून खोडणं ही कोणती खिलाडूवृत्ती? हौशीपणाच्या नावाखाली वर्गाचा अहंकार किती खाली जाऊ शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मेसेंजर मात्र बोटीत बसला होता. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी त्याला आपल्याबरोबर इंग्लंडला नेलं, त्या संघातला तो एकटा ऑस्ट्रेलियन. तिथे जाऊन तेरा जणांचा नवा खेळ त्याला शिकावा लागला, आणि दौरा संपताना सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते, १४६. तिथल्या संघाविरुद्ध पहिल्या कसोटीत न्यूझीलंडवाले हरले, पुढच्या दोन जिंकल्या आणि मालिका २-१ ने घेतली. संघ परतल्यावर ९ मे १९०८ ला सिडनीत ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड अशी पहिली लीग कसोटी झाली, तेव्हा मेसेंजर ऑस्ट्रेलियाकडून, काल-परवाच्या आपल्याच सोबत्यांविरुद्ध उतरला. न्यूझीलंड ११-१० ने जिंकलं. आणि त्यानंतर काही दिवसांतच, २० मे रोजी, बास्करव्हिल ब्रिस्बेनमध्ये न्यूमोनियाने गेला. वय २५. ज्याच्या डोक्यातून हा सगळा डाव निघाला त्याला पुढचं काही बघायला मिळालं नाही.

दरम्यान १९०८ च्या एप्रिलमध्ये सिडनीत क्लबांची स्पर्धा सुरू झाली होती. नऊ संघ: ग्लीब, न्यूटाउन, साउथ सिडनी, बाल्मेन, ईस्टर्न सबर्ब्ज, वेस्टर्न सबर्ब्ज, नॉर्थ सिडनी, न्यूकॅसल आणि कंबरलँड. हे शेवटचं नाव नीट वाचा. कंबरलँड म्हणजे पॅरामॅटाचा परिसर. आपल्यापैकी बरेच जण वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क या भागांत राहतात. तिथला संघ पहिल्या हंगामात होता, एकच हंगाम टिकला, पण होता. पुढे १९४७ मध्ये पॅरामॅटाचा स्वतःचा क्लब आला आणि आज तो जिथे खेळतो ते स्टेडियम जुन्या कंबरलँड ओव्हलच्या जागेवरच उभं आहे. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

१९०८ सालीच गिल्टिननने पहिला ऑस्ट्रेलियन लीग संघ, कांगारू, इंग्लंडला नेला. मेसेंजर उपकर्णधार आणि पुन्हा एकदा सर्वात जास्त गुण मिळवणारा. पण दौरा आर्थिकदृष्ट्या कोसळला. हवा खराब, आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांमध्ये काम बंद पडलेलं, संपामुळे लोकांच्या हाती तिकिटाला पैसे नाहीत. गिल्टिननचं दिवाळं निघालं. काही खेळाडू पोटासाठी इंग्लिश क्लबांमध्येच राहिले. सिडनीत लीगच्या हिशेबांवरून भांडणं झाली आणि १९०९ च्या सुरुवातीला गिल्टिनन, हॉइल, ट्रंपर हे तिन्ही संस्थापक बाजूला केले गेले. लीग बंद पडते की काय अशी अवस्था होती.

तिला तारलं ते पुन्हा पैशानेच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये युनियनच्या ऑस्ट्रेलियन संघाने, म्हणजे वॉलबीजनी, सुवर्णपदक जिंकलं होतं. जेम्स जॉइंटन स्मिथ या उद्योगपतीने १९०९ मध्ये त्याच संघातल्या खेळाडूंना मोबदला देऊन कांगारूंविरुद्ध सामने लावले आणि चौदा वॉलबी लीगमध्ये आले. काही वर्षांत सिडनीच्या हिवाळ्यातला मुख्य खेळ लीग झाला. तो आजही आहे.

मेसेंजरचा बहराचा काळ त्यानंतरचा. १९१० साली पहिला ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा तो कर्णधार होता. १९११ च्या हंगामात सगळे सामने मिळून त्याने २७० गुण केले. हा आकडा १९३५ साली डेव्ह ब्राउनने मोडला, म्हणजे चोवीस वर्षं टिकला. १९११, १९१२, १९१३ अशी ओळीने तीन वर्षं ईस्टर्न सबर्ब्ज, म्हणजे आजचे रूस्टर्स, विजेते ठरले. तीन वेळा सलग जिंकल्यामुळे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीची ढाल क्लबकडे कायमची आली आणि क्लबने ती आपल्या कर्णधाराच्या, मेसेंजरच्या, हाती दिली. दुसऱ्या कांगारू दौऱ्याला तो गेला नाही. १९१३ नंतर खेळणं सोडलं. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या गनेडा या गावी तो वारला. वय ७६.

त्याच्या मरणानंतर दोन गोष्टी झाल्या. १९८० पासून हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाचं 'डॅली एम' पदक दिलं जाऊ लागलं. दरवर्षी त्या समारंभाची छायाचित्रं तुम्ही पाहता, फक्त हा डॅली कोण ते माहीत नसतं. आणि २००७ मध्ये, पूर्ण शंभर वर्षांनी, रग्बी युनियनने त्याचे खोडलेले विक्रम परत नोंदवले. त्याआधी, २६ ऑगस्ट १९९५ ला, जागतिक रग्बी युनियनने स्वतःच व्यावसायिक खेळाला मान्यता दिली होती. बर्डनला आणि मेसेंजरला ज्याबद्दल वाळीत टाकलं तेच आता वॉलबी उघडपणे करतात, आणि त्यात काही गैर नाही. गैर तेव्हाही नव्हतं.

म्हणून 'तसल्या लोकांचा खेळ' हे वाक्य आपल्या तोंडी येतं तेव्हा मला वाईट वाटतं. आपल्यातल्या अनेकांचे आजोबा गिरणगावात तिसऱ्या पाळीहून येऊन चाळीच्या पटांगणात कबड्डी खेळलेले आहेत. पकड कशी घालायची, निसटणाऱ्या गड्याला मधल्या रेषेपर्यंत कसं पोचू द्यायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला लीगचं टॅकल समजायला पाच मिनिटं लागतात. नव्या देशात येऊन आपण त्या आजोबांच्या बाजूने उभं राहायचं की लंडनच्या क्लबातल्या त्या साहेबांच्या, हे आपल्याला ठरवता येतं. मुलगा खासगी शाळेत युनियन खेळत असेल तर खुशाल खेळू द्या, सुंदर खेळ आहे तो. फक्त शेजारच्या खेळाबद्दल तुच्छता त्याच्या मनात आपल्या घरातून जाऊ नये.

आता पालकांची खरी भीती. डोक्याला बसणारा मार ही गंभीर गोष्ट आहे आणि ती झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या मुलाला टॅकल खेळायला पाठवा असं मी कोणालाही सांगणार नाही. टच आणि ऑझटॅग हे न पाडता खेळायचे प्रकार इथल्या जवळजवळ प्रत्येक उपनगरात मुलामुलींसाठी आहेत. मुलींसाठी तर आता स्वप्नही मोठं आहे: बायकांची राष्ट्रीय स्पर्धा २०१८ पासून सुरू झाली आणि त्यांच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही डॅली एम पदक मिळतं. शिवाय दुखापतीची किंमत कोणी मोजायची, हा बर्डनचा प्रश्न संपलेला नाही. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा आणि लीगचा करारावरून वाद झाला तेव्हा निवृत्त खेळाडूंच्या वैद्यकीय मदतीचा मुद्दा त्यात होता. खेळाडूंनी जर्सीवरचं लीगचं बोधचिन्ह पट्टीने झाकून सामने खेळले. ऑगस्टमध्ये करार झाला. हा इतिहास माहीत असलेल्या मुलाला ती पट्टी का होती ते कळेल. नाहीतर त्याला ती पैशाची हाव वाटेल, जशी १९०७ मध्ये अनेकांना वाटली.

तर आता कामाचं बोलू.

शिक्षकांना: मोठ्या गटासाठी, साधारण दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, मी ही गोष्ट सोप्या मराठीत लिहून देते. वाचायला वीस मिनिटं लागतील. उरलेल्या वेळात मुलांचे दोन गट करा. एक गट युनियनची बाजू मांडेल, दुसरा बर्डनची. वाद मराठीतच घालायचा. 'भरपाई', 'हौशी', 'बहिष्कार', 'मजुरी' हे शब्द मुलांच्या तोंडी येण्यासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. शाळेत या मुलांना ऑस्ट्रेलियाचा इतिहास इंग्रजीत शिकवतात आणि आपण महाराष्ट्राचा मराठीत. त्यामुळे इथल्या मातीबद्दल मराठीत बोलायची सवयच त्यांना लागत नाही. ती लावायची जागा आपलीच शाळा आहे.

कार्यकारिणीला: लीगचा हंगाम मार्चपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. गुढीपाडवा आणि गणपती यांच्या मधला एखादा रविवार दुपारचा सामना निवडा, पॅरामॅटाच्या मैदानावरचा. रेल्वे स्थानकावरून चालत जाता येतं, म्हाताऱ्या आईवडिलांनाही जमेल. पहिल्यांदा येणाऱ्यांना नियम सांगायला तीन-चार जण लागतील, त्यांची नावं गोळा करायची जबाबदारी माझी. आणि जमल्यास दुसरी एक छोटी सहल मूर पार्कला. तिथल्या फुटबॉल स्टेडियमबाहेर मेसेंजरचा पुतळा आहे, लीगच्या शताब्दीच्या वर्षी, २००८ मध्ये बसवलेला. तिथून क्रिकेट ग्राउंड हाकेच्या अंतरावर. मुलांना ट्रंपर आणि मेसेंजर दोघांच्या नावांचे स्टँड बाहेरून दाखवता येतील आणि गोष्टीतलं शेती प्रदर्शनाचं मैदान नेमकं कुठे होतं तेही सांगता येईल.

पुढच्या सत्राची आखणी करायला तुम्ही बसाल तेव्हा हा विषय पटलावर घ्यावा, ही विनंती. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह कळवा, आपण त्यावर बोलू.

आपली,
वेंटवर्थव्हिलची एक रहिवासी